पाटीलबाबा महादजी शिंदे

उत्तर हिंदुस्थानात व माळव्यात पिढ्यानपिढ्या राहणाऱ्या मराठी कुटुंबांस महादजी शिंदे हे नाव नवीन नाही. आपले पूर्वज या बाजूस आले, ते कोणी शिलेदार म्हणून, कोणी फडावरील कारकून म्हणून, तर कोणी देवळांतील पूजेअर्चेसाठी. त्या सर्वांची वाट ज्या थोड्या पुरुषांनी मोकळी केली, त्यांत महादजींचे स्थान फार वरचे आहे. तथापि घरोघरी त्यांचे नाव जितके घेतले जाते, तितके त्यांचे चरित्र वाचले जात नाही. पानिपतावर जखमी झालेले सरदार आणि दिल्लीच्या बादशहास हाताशी धरणारे मुत्सद्दी, एवढीच दोन चित्रे आपल्या डोळ्यांपुढे असतात. या दोन चित्रांच्या दरम्यान जी तीस वर्षे गेली, त्यांत या पुरुषाने कोणते निर्णय घेतले, कोणते चुकले आणि चुकल्यावर काय केले, हे आम्ही आमच्या अल्प वाचनाच्या आधारे येथे सांगू इच्छितो. आम्ही इतिहाससंशोधक नव्हे. तेव्हा जाणत्यांनी उणे असेल ते पदरात घ्यावे.

शिंद्यांचे मूळ गाव सातारा प्रांतातील कण्हेरखेड. घराण्याचे मूळ पुरुष राणोजी शिंदे हे थोरल्या बाजीरावांच्या वेळी पुढे आले आणि माळव्यात उज्जैनीस त्यांनी आपले ठाणे केले. १७४५ साली ते वारले. जयाप्पा, दत्ताजी, जोतिबा, तुकोजी व महादजी असे त्यांचे पाच पुत्र. पैकी तुकोजी व महादजी हे दुसऱ्या कुटुंबाचे. त्यामुळे सरदारकीच्या मानात त्यांचा क्रम मागचा. महादजींचा जन्म १७३० च्या सुमाराचा मानतात. घरात चार थोरले भाऊ असता सरदारकी आपल्याकडे येईल असे त्यांच्या मनातही आले नसेल. परंतु रणांगणाने हे घर एकेक करून रिकामे केले. जोतिबा बुंदेलखंडात पडले. जयाप्पा १७५५ साली नागोरच्या वेढ्यात दग्याने मारले गेले. १० जानेवारी १७६० रोजी यमुनेच्या काठी बुराडी घाटावर दत्ताजींनी देह ठेवला. पुढे एका वर्षाने पानिपतावर तुकोजी पडले आणि जयाप्पांचे तरुण पुत्र जनकोजी शत्रूच्या हाती सापडून मारले गेले.

त्याच दिवशी, म्हणजे १४ जानेवारी १७६१ रोजी, महादजीही पानिपतावर होते. फौज मोडल्यावर ते दक्षिणेच्या वाटेस लागले असता एका अफगाण स्वाराने त्यांचा पाठलाग केला. घोडा थकला, स्वाराने गाठले, पायावर घाव घातला आणि अंगावरील चीजवस्तू काढून घेऊन त्यांस तेथेच टाकून तो निघून गेला. तो पाय जन्माचा अधू झाला. त्या अवस्थेत पडलेल्या महादजींस राणेखान नावाच्या एका भिस्त्याने पाहिले, आपल्या बैलावर घातले आणि दक्षिणेकडे सुखरूप आणले. पखालीने पाणी वाहणारा हा गरीब मुसलमान पुढे महादजींचा भाऊ म्हणवला जाऊ लागला. या राणेखानाचे नाव वाचकांनी लक्षात ठेवावे. तो या चरित्रात पुन्हा येणार आहे. त्या स्वाराचा घोडा आपल्या मागे दौडत येत आहे असे स्वप्न पुढे कित्येक वर्षे आपणांस पडत असे, असे महादजी सांगत, अशी हकीकत आहे.

पानिपतावर मराठे शौर्यात कमी पडले असे कोणी म्हणत नाही. रसद तुटली, माघारी फिरण्याचा मार्ग बंद झाला, लढणाऱ्यांपेक्षा बुणग्यांची व यात्रेकरूंची संख्या अधिक झाली, आणि अखेर उपासमारीने ज्या दिवशी लढावयास भाग पाडले तो दिवस शत्रूच्या सोयीचा ठरला. महादजींनी याचा हिशेब कागदावर कोठे मांडला की नाही हे महत्त्वाचे नाही. त्यांच्या पुढील आयुष्यातील निर्णयांकडे पाहिले म्हणजे तो हिशेब त्यांच्या मनात पक्का होता असे दिसते.

घरी परतल्यावर सरदारकी मिळावयास सात वर्षे लागली. राघोबादादांचा कल दुसऱ्या वारसांकडे होता. महादजींनी धीर सोडला नाही आणि पेशव्यांशी बिघाडही केला नाही. थोरल्या माधवरावांनी माणूस ओळखला आणि १७६८ साली शिंद्यांची दौलत त्यांच्याकडे कायम झाली. पुढे तीनच वर्षांनी, १७७१ च्या फेब्रुवारीत, रामचंद्र गणेश, विसाजी कृष्ण व तुकोजी होळकर यांच्याबरोबर निघालेल्या मराठी फौजांनी दिल्ली हस्तगत केली. अलाहाबादेस इंग्रजांच्या आश्रयाने राहिलेला बादशहा शहाआलम १७७२ च्या जानेवारीत मराठ्यांच्या संरक्षणाखाली आपल्या राजधानीत शिरला. येथे महादजींची दृष्टी दिसून येते. बादशाहीत जीव उरला नव्हता, परंतु तिच्या नावाला सर्व हिंदुस्थानात अद्याप मान होता. ते नाव इंग्रजांच्या हाती राहू द्यावयाचे की आपल्या, एवढाच प्रश्न होता, आणि तो त्यांनी वेळीच ओळखला.

परंतु १७७२ च्या नोव्हेंबरात माधवराव वारले, १७७३ च्या ऑगस्टात नारायणरावांचा खून झाला आणि राघोबादादा इंग्रजांच्या आश्रयास गेले. त्यांस पेशवाईच्या गादीवर बसविण्यासाठी १७७८ च्या अखेरीस मुंबईकर इंग्रजांची सुमारे चार हजारांची फौज बोरघाट चढून वर आली. नाना फडणीस, महादजी व होळकर यांनी तिच्याशी एकदम मैदानी सामना देण्याचे टाळले. घाटाच्या तोंडाशी फिरत्या तुकड्या ठेवून तिला रोज थोडे थोडे टोचावयाचे, दाणावैरण तोडावयाची आणि तिला मुंबईपासून दूर आत येऊ द्यावयाचे, असा बेत ठरला. ज्याला आपण इष्टुर फाकडा म्हणतो तो कॅप्टन स्टुअर्ट कार्ल्याजवळ पडला. इंग्रज तळेगावास पोहोचले तो गाव मराठ्यांनीच जाळून टाकलेला. पुढे चिंचवड आणि प्रसंगी पुणेही जाळावयाची तयारी होती. आपलेच गाव आपल्या हाताने जाळण्याचा हुकूम देणे सोपे नसते. त्या गावात कोणाची घरे, कोणाची देवळे असतात. पण शत्रूस एक मूठ धान्य मिळू द्यावयाचे नाही असे एकदा ठरले म्हणजे त्यात अपवाद करून चालत नाही. ११ जानेवारी १७७९ च्या रात्री इंग्रजांनी मोठ्या तोफा तळेगावच्या तळ्यात टाकून माघार घेतली. परंतु वडगावपाशी ते चहूंकडून वेढले गेले. १६ जानेवारीस त्यांनी तहनामा लिहून दिला. राघोबादादा महादजींच्या स्वाधीन झाले आणि १७७३ पासून घेतलेला मुलूख परत करण्याचे इंग्रजांनी कबूल केले.

येथे महादजींची एक मोठी चूक सांगणे आम्हांस प्राप्त आहे. वेढ्यात सापडलेली फौज त्यांनी दोन ओलीस व एक कागद घेऊन सोडून दिली. मुंबईकरांनी व कलकत्तेकरांनी तो कागद झिडकारला. राघोबादादांस झांशीकडे रवाना केले असता वाटेत ते निसटले आणि पुन्हा इंग्रजांस जाऊन मिळाले. युद्ध संपले असे वाटत असताना ते नव्याने पेटले. जनरल गॉडर्डने १७८० साली अहमदाबाद घेतले. त्याच वर्षीच्या ऑगस्टात कॅप्टन पॉपहॅमच्या शिपायांनी रात्री शिड्या लावून ग्वाल्हेरचा किल्ला घेतला. ज्या किल्ल्याच्या कड्यावर कोणी चढणार नाही अशी सर्वांची समजूत होती, तो गाफील पहाऱ्यामुळे गेला. महादजींस गुजराथ सोडून माळव्याच्या रक्षणास धावावे लागले. १७८१ च्या मार्चमध्ये कर्नल कामॅकने त्यांच्या छावणीवर रात्री छापा घालून तोफा नेल्या.

या पराभवानंतरही महादजींनी कामॅकच्या फौजेभोवती स्वार फिरते ठेवले, तिची रसद तोडली आणि तिला जयाचे फळ चाखू दिले नाही. पण त्याचबरोबर त्यांनी शांतपणे विचार केला की या युद्धातून आता काय मिळावयाचे आहे. इंग्रज आपला माळवा जिंकू शकत नव्हते आणि आपण त्यांस समुद्रात लोटू शकत नव्हतो. १७८१ च्या ऑक्टोबरात त्यांनी कर्नल म्यूरशी लढाई थांबविण्याचा करार केला आणि मग पेशवे व इंग्रज यांच्यामध्ये मध्यस्थी पत्करली. १७ मे १७८२ रोजी ग्वाल्हेरपासून जवळच असलेल्या सालबाई येथे तह ठरला. साष्टी इंग्रजांकडे राहिली. वसई परत मिळाली. राघोबादादांचा पक्ष इंग्रजांनी सोडला. नाना फडणिसांस हा तह मनापासून आवडला नाही, कारण हैदरअली तिकडे लढत असता त्याला मध्येच सोडल्यासारखे होत होते. नानांचे म्हणणे खोटे नव्हते. त्यांनी तहावर मोहोर उठविली ती हैदर वारल्यानंतर, १७८३ साली. तथापि या तहाने पुढे वीस वर्षे इंग्रज व मराठे यांच्यात युद्ध झाले नाही, हेही खरे आहे. युद्ध सुरू करण्यास उत्साह पुरतो; ते कोठे थांबवावयाचे हे ठरविण्यास मात्र आपल्या बळाची खरी मोजदाद करावी लागते.

त्या मोजदादीतूनच दुसरा निर्णय निघाला. इंग्रजांच्या कवायती पायदळापुढे आणि जलद तोफांपुढे केवळ घोडदळ पुरे पडत नाही, हे महादजींनी स्वतःच्या पराभवात पाहिले होते. १७८४ साली त्यांनी द बॉइन्य या सॅव्हॉयच्या सरदारास चाकरीस ठेवले. आपण त्याला डी बॉय म्हणून ओळखतो. प्रथम दोनच पलटणी उभ्या केल्या. वेळच्या वेळी पगार, नेमकी कवायत आणि एका हुकमाने चालणे ही त्यांची रीत होती. त्याच वर्षाच्या अखेरीस दिल्लीचा कारभारी अफ्रासियाबखान मारला गेला आणि बादशहाने वकील-इ-मुतलक हे पद पेशव्यांस देऊन त्यांच्या वतीने सर्व कारभार महादजींच्या हाती सोपविला. ग्वाल्हेर व गोहद तत्पूर्वीच परत आले होते. बाहेरून पाहता वैभवाचा कळस झाला. आत मात्र तिजोरी रिकामी होती, बादशाही पलटणींचा पगार थकला होता आणि मोगल सरदार मनातून फिरलेले होते.

आम्हांस या चरित्रात सर्वांत अधिक शिकण्यासारखा वाटतो तो यानंतरचा भाग. जयपूरकडून थकलेली खंडणी वसूल करण्यासाठी १७८७ साली महादजी राजपुतान्यात उतरले. जयपूरचे प्रतापसिंह व जोधपूरचे विजयसिंह एक झाले. महमदबेग हमदानी हा मोगल सरदार ऐन वेळी शत्रूस मिळाला. २८ जुलै रोजी लालसोटजवळ तुंगा येथे दिवसभर लढाई झाली. राठोड स्वारांनी तोफांवर घोडे घातले. हमदानी तोफेच्या गोळ्याने ठार झाला. संध्याकाळी कोणीच जिंकले नव्हते. परंतु लढाईनंतर, थकलेल्या पगाराचे निमित्त करून, बादशाही पलटणी आपल्या तोफांसह उठून जयपूरकरांस जाऊन मिळाल्या. बरोबरच्या फौजेपैकी आता कोणावर विश्वास ठेवावा हेही कळेना. परका मुलूख, महागलेले धान्य, मागे लांबलेली वाट. पानिपतच पुन्हा समोर उभे राहिले होते.

अशा वेळी सरदारापुढे दोन मोह असतात. एक मोह मानाचा : उद्या पुन्हा लढावे आणि जे व्हावयाचे ते होऊ द्यावे. दुसरा मोह आशेचा : येथेच थांबावे, काहीतरी मदत येईल. महादजींनी दोन्ही मोह टाळले. अजून मार्ग खुला आहे तोवर निघावयाचे, असा त्यांनी निश्चय केला. जड सामान व बाजारबुणगे पुढे, विश्वासाच्या पलटणी, तोफा व स्वार मागे, अशा क्रमाने १ ऑगस्टला कूच झाले. फौज पळाली नाही. ती चालत गेली. राजपुतांनी नेटाने पाठलाग केला नाही. काही दिवसांत सैन्य डीगच्या बाजूस येऊन पोहोचले. जी फौज पानिपतावर एका दिवसात नाहीशी झाली तशीच ही झाली असती, तर उत्तरेतील मराठी सत्ता त्या वर्षीच संपती.

त्यानंतरचे वर्ष फार कठीण गेले. महमदबेगाचा पुतण्या इस्माईलबेग याने आग्र्यास वेढा घातला. नजीबखानाचा नातू गुलाम कादर दिल्लीत शिरला. महादजींस चंबळेच्या दक्षिणेस यावे लागले. हिंदुस्थान हातचे गेले असेच पुष्कळांना वाटले. पुण्याहून मदत मागितली ती वेळेवर आली नाही. अलीबहादूर पोहोचले तेव्हा १७८८ साल संपत आले होते. या काळात महादजींनी काय केले ते पाहावे. भरतपूरच्या जाट राजास डीगचा किल्ला परत देऊन त्याची मैत्री बळकट केली. मिळेल तेथून पैसा उभा करून फौज टिकविली. आणि जी माणसे कसोटीस उतरली होती त्यांच्यावरच सर्व भार टाकला. आग्र्याच्या किल्ल्यात लखबादादा लाड कित्येक महिने तग धरून राहिले. गोमंतकातील केरी गावचे जिवबादादा बक्षी, द बॉइन्य आणि आपला तो भिस्ती राणेखान हे बाहेरची फौज सांभाळीत होते. १७८८ च्या एप्रिलातील लढाईत जय मिळाला नाही. जूनमध्ये आग्र्यापाशी इस्माईलबेग पुरता मोडला आणि वेढा उठला.

यापुढील दोन महिन्यांत मात्र महादजींच्या हातून जी ढिलाई झाली ती झाकून ठेवणे योग्य नव्हे. गुलाम कादर दिल्लीवर चालून आला असता त्यांनी पुरेशी फौज वेळेवर पाठविली नाही. त्या अवधीत त्या क्रूर पुरुषाने बादशहास पदच्युत केले आणि १० ऑगस्ट १७८८ रोजी त्याचे डोळे काढले. ज्याचे रक्षण करण्याचे आपण वचन दिले होते त्याची ही दशा झाली. महादजी फौजेच्या दुरवस्थेमुळे थांबले असतील. परंतु विलंब हाही एक निर्णयच असतो आणि त्याची किंमत दुसऱ्याला द्यावी लागते. ऑक्टोबरात मराठी फौज दिल्लीत शिरली. तिचे नेतृत्व राणेखानाकडे होते. सत्तावीस वर्षांपूर्वी ज्याने एका जखमी सरदारास बैलावर घातले होते, तोच आता बादशहाची सुटका करावयास आला. गुलाम कादर पकडला गेला आणि १७८९ च्या मार्चमध्ये त्याला देहान्त शिक्षा झाली.

पुढे यश भराभर आले. द बॉइन्यच्या हाताखाली मोठा कंपू उभा राहिला. २० जून १७९० रोजी पाटण येथे इस्माईलबेगाचा व १० सप्टेंबरास मेडते येथे राठोडांचा पराभव झाला. लालसोटचे उसने फिटले. १७९२ च्या जूनमध्ये महादजी बारा वर्षांनंतर पुण्यास आले. वकील-इ-मुतलकीची वस्त्रे व फर्मान त्यांनी मोठ्या समारंभाने तरुण सवाई माधवरावांस अर्पण केले. हिंदुस्थानचा कारभार ज्यांच्या मुठीत होता, त्या पुरुषाने दरबारात खालच्या जागी बसून, काखेतील गाठोड्यातून नवे जोडे काढून पेशव्यांच्या पायांशी ठेवले आणि आपले घराणे हीच चाकरी करीत आले असे दर्शविले, ही कथा प्रसिद्ध आहे. पाटील म्हणवून घेण्यात त्यांस जो आनंद वाटे, तो बादशाही किताबांत वाटत नसे. कोणी यास केवळ राजकारण म्हणतात. राजकारण त्यात असेलही. परंतु आपल्याहून वर कोणी आहे हे सर्वांदेखत मान्य करणारा सेनापती फौजेसही आज्ञा पाळावयास शिकवितो, असे आम्हांस वाटते.

१२ फेब्रुवारी १७९४ रोजी पुण्याजवळ वानवडी येथे ज्वराने त्यांचे देहावसान झाले. पोटी पुत्र नव्हता. भाऊ तुकोजी यांचे नातू दौलतराव गादीवर आले. वानवडीस महादजींनी आरंभिलेले शंकराचे देऊळ व त्यांची छत्री आजही उभी आहे.

त्यांच्या कर्तृत्वास जे उणे होते तेही सांगितले पाहिजे. होळकरांशी त्यांचे कधी जमले नाही. १७९३ साली लाखेरीस शिंद्यांच्या व होळकरांच्या फौजा एकमेकींवर तुटून पडल्या, आणि मराठ्यांनीच मराठ्यांचे रक्त सांडले. नानांशी मने पूर्ण मोकळी झाली नाहीत. कवायती कंपू उभे केले, पण त्यांचे वरचे अंमलदार परकेच राहिले. आपली माणसे त्या विद्येत तयार झाली नाहीत. १८०३ साली इंग्रजांशी गाठ पडली तेव्हा त्यांतील बरेच अंमलदार चाकरी सोडून गेले, आणि तीस वर्षांच्या श्रमाने उभारलेली इमारत काही महिन्यांत कोसळली. एका पुरुषाच्या निर्णयशक्तीवर उभे राहिलेले राज्य त्या पुरुषामागे टिकावयाचे असेल, तर ती शक्ती त्याने आपल्या हयातीतच दुसऱ्यांस दिली पाहिजे.

असो. आपणांपैकी कोणास फौज चालवावयाची नाही. परंतु संसार, संस्था व समाज चालविताना आपल्यालाही लालसोटसारखे दिवस येतात. विश्वासाची माणसे सोडून जातात, पैसा संपतो आणि लोक काय म्हणतील या भीतीने माणूस चुकीच्या जागी हट्टाने उभा राहतो. अशा वेळी त्या लंगड्या सेनापतीची १ ऑगस्टची कूच आठवावी. आणि संकटात ज्याने आपल्याला बैलावर घातले, त्या राणेखानास दिवस पालटल्यावर विसरू नये. महादजी विसरले नाहीत, म्हणूनच ते पुन्हा उभे राहिले.